मार्फत

चांदिवलीच्या आठव्या मजल्यावर, रात्री दोन दहाला
फ्लोरीन परेरा म्हणाली, आपला पत्ता ब्लॉक झालाय.
आपला म्हणजे कुणाचा?
सगळ्यांचा. बाहेर एकच तर आहे.

खरंच.
आत चाळीस सर्व्हर, दहा-शून्यच्या वस्तीत राहणारे,
प्रत्येकाला आपला नंबर,
पण तो फक्त उंबऱ्याच्या आत खरा.
बाहेर पडताना गेटवे सगळ्यांना एकच सदरा चढवतो
आणि टिपून ठेवतो, कोण, कुठल्या पोर्टने, कुणाकडे गेला,
म्हणजे उत्तर आलं की ज्याचं त्याला.
त्यातल्या एकाने आज बँकेची कडी
सेकंदाला हजारदा वाजवली.
बँकेने सदरा ओळखला.
सदऱ्यालाच बंदी केली.

वडील डॉकात फिटर होते तेव्हा
माझगावच्या खोली नऊमध्ये एकवीस जण राहत, तीन पाळ्यांत.
एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची.
गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर एकच ओळ:
मार्फत श्रीमती हौसाबाई साळसकर.
हौसाबाईला वाचता येत नव्हतं.
नाव पोस्टमन वाचायचा, ती विचारायची, शिक्का खयचो?
कारण धोंडू राणे दोन होते,
एक देवगडचा, एक फोंड्याचा.
वही नव्हती. डोक्यात होतं सगळं,
भाकऱ्या थापता थापता.

फोंड्याचा धोंडू नव्वद रुपये बुडवून पळाला
तेव्हा नाक्यावरच्या वाण्याने
अख्ख्या खोली नऊची उधारी बंद केली.
वडील सांगत, आठ दिवस चहापत्ती रोखीने आणली,
आणि त्या वाण्याला आमच्यातल्या
एकाचंही नाव माहीत नव्हतं.

फ्लोरीन विचारते, दुसरा पत्ता जोडू? पाच मिनिटं लागतील.
जोड, म्हटलं. पण तो फक्त दुसरा सदरा झाला.
त्या उधळ्या जॉबला मी आधी बाजूला बसवलं,
मग बँकेला मेल लिहिला:
आपल्यातला खाजगी रस्ता उघडू,
भाषांतर नको,
आमचा जो येईल तो स्वतःच्या नंबरानेच येईल.

बीकेसीहून झुबिन कात्रकचं उत्तर आलं,
दहा-शून्य-चार आमच्याकडेही आहे.
दोन धोंडू.
तीन आठवडे गेले कुणी नाव बदलायचं यावर.
शेवटी आम्ही बदललं, आम्ही लहान होतो.

मग रविवारच्या रात्री पहिलं पॅकेट सोडलं.
गेलं.
परत काही येईना.
माझा तक्ता मी चारदा तपासला, फ्लोरीनने दोनदा,
शेवटी झुबिनला फोन केला. तो म्हणाला, पोचलंय की,
तुमच्याच नंबराने पोचलंय, दिसतंय मला,
आणि मग थांबून, अरे,
परतीची वाट लिहायची राहिली माझ्याकडून.

हेच मला कुणी शिकवलं नव्हतं.
जाण्याची वाट आपल्या हातात असते.
येण्याची समोरच्याने लिहावी लागते.

गेटवे तीनशे पन्नास सेकंद वाट बघतो,
तेवढ्यात कुणी बोललं नाही तर ओळख पुसतो.
मागून आलेलं उत्तर दारातच पडतं.
फोंड्याहून धोंडूच्या नावाने पत्रं येत राहिली.
हौसाबाईने ती पोस्टमनला परत दिली नाहीत.
पिठाच्या डब्यामागे ठेवत गेली,
चार वर्षं,
मग पत्रंच थांबली.

दोन बावन्नला लॉगमध्ये ओळ उमटली:
आलेला, दहा-साठ-चार-सतरा.
कुणाच्याही मार्फत नाही.
फ्लोरीनने खुर्चीतच पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

कन्नमवार नगरात स्वतःचं दार मिळालं,
त्यावर नावाची पाटी लागली,
तरी वडील वर्षभर गावाला पत्र लिहिताना
आपल्या नावाखाली आधी तीच ओळ लिहीत,
मग खोडत.